पोत्यासंगं बाटली

आमच्या लाखांदूर तालुक्यात नॅनो ही शिवी आहे. हसू नका, खरं सांगून राहिलो. लग्नात वरण पातळ वाढलं, नळाले पाणी कमी आलं, का दोस्तानं अर्धाच खर्रा दिला, का पोट्टे म्हणतात, ‘नॅनो देऊन राहिला का बे?’ ही शिवी गावोगावी पोचवण्यात ज्याईचा हात आहे, त्याईत मी पण एक. माझं नाव भूपेंद्र. लाखांदूरच्या एका कृषी केंद्राच्या काउंटरवर मी बारा वर्षांपासून बसतो, आणि आता मले त्या काउंटरची किळस येते.

गोठ समजाले पहिले धंदा समजून घ्या. रोवणी आटोपून धान जमिनीत रुजला का त्याले युरिया लागते. दहा-पंधरा दिवसांत साऱ्या तालुक्यालेच लागते, आणि नेमका तेव्हाच माल कमी येते. मंग आमच्यासारखे दुकानवाले काय करतात, तर पोतं मागणाऱ्याच्या हातात पोत्यासंगं नॅनो युरियाची एक बाटली कोंबतात. पंपात टाकून पानावर फवाराची असते ती. बाटली नाही घेतली तर पोतं संपलं. याले आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. वरचे म्हणतात आमाले खाली ढकलावंच लागते, शेठ म्हणते मी काय करू, आणि शेवटी ढकलणारा हात माझा. त्या बाटलीतलं पाणी चांगलं का वाईट, मले आजही ठाऊक नाही. असन चांगलं. ज्याले पाहिजे त्यानं खुशीनं घ्यावं. पण गळ्यात मारलेली चीज चांगली असली तरी माणूस तिच्याकडे धड पाहत नाही.

आमचे अनुपशेठ सकाळपासून खर्रा चघळते. बोलतानी त्याच्या तोंडातून सुपारीचा भुगा आणि तपकिरी थुंकी काउंटरच्या काचेवर उडते. ती काच मी पुसतो. त्यानंच मले शिकवलं होतं, गिऱ्हाईक कुरकुर करून राहिलं तर दोन गोष्टी म्हणायच्या. पहिली, एक बाटली म्हणजे एक पोतं. आणि तेवढ्यानं नाही पटलं तर दुसरी, आमच्या घरी आम्ही हेच मारतो. ‘घरचं नाव काढलं का माणूस मऊ होते बे,’ शेठ म्हणे. खरंच होते. मी किती लोकाईले हे म्हटलं असन त्याचा पत्ता नाही.

मनकर्णा मावशीलेही म्हटलं.

मनकर्णा मावशी म्हणजे माझ्या मायची मोठी बहीण. लाखांदूरवरून दोन कोस गाव. मावसा लवकर गेला, तेव्हापासून तीन एकर धान तिनं एकटीनं केला, कोणापुढं हात न पसरता. तिच्या बांधीत गवताची काडी दिसत नाही आणि तिच्या तोंडातून जास्तीचा शब्द निघत नाही. आठवीपासून बारावीपर्यंत मी तिच्याच घरी राहून शिकलो. तिची पोरगी गुड्डी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मावशीच्या हातचा पहिला वाढा माझ्याच ताटात पडे.

दोन वर्षांपूर्वीची गोठ. दुकानासमोर लाईन लागलेली, मावशी लाईनीतून माझ्यापाशी आली. पोतं आणि बाटली तिच्यापुढं ठेवली. तिनं बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली, आणि बाकीच्याईले ऐकू जाणार नाही अशी बोलली, “बाबू, खरं सांगजो. हे कामाचं आहे का?”

मी म्हटलं, “मावशी, आमच्या घरी हेच मारलं.”

आमच्या घरी काय मारलं होतं? माझ्या बापासाठी मी गोडाऊनच्या मागच्या दरवाज्यातून दोन पोते काढून नेले होते, बाटलीबिगर. पण तोंडातून शब्द निघाला तो असा, का जसं काही मी रोजच्या पावसापाण्याचं बोलून राहिलो. मावशीनं पोतं एकच घेतलं, बाकीच्या पोत्याईऐवजी दोन बाटल्या घेतल्या. त्या साली तिचा धान पिवळा पडला. बाटलीनं पडला का साचलेल्या पाण्यानं, देव जाणे. ती मले काहीच बोलली नाही. दुसऱ्या वर्षी आली, पोतं घेतलं, बाटली पण घेतली, आणि या वेळी काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून मले सुटल्यासारखं वाटलं होतं. पाहा माझी लायकी.

मंग मागच्या हिवाळ्यात धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, झालं आणि तिच्या छातीत गाठ निघाली. चार महिने तिनं कोणाले सांगतलं नाही, गरम विटेनं शेकत राहिली. शेवटी गुड्डीनं एक दिवस पाहिलं. गुड्डी लाखांदूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, तिनं शाळेतून रजा टाकली आणि मायले नागपूरच्या दवाखान्यात नेलं. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. त्यानंतर लाल औषधाचे चार सलाईन मावशीनं सोसले. केस गेले, तोंडाले फोड आले, पण प्रत्येक खेपेले लाखांदूरवरून पवनी, भिवापूर, उमरेड करत ती एस.टी.नं गेली आणि एस.टी.नं आली. डॉक्टर म्हणाले, आता औषध बदलायचं, नवं औषध लागलं का अर्धी लढाई जिंकली.

त्या नव्या औषधाच्या दिवशी मीही संगं होतो. आधी दोन-तीन सुया दिल्या, ॲलर्जी होऊ नये म्हणून. मंग सलाईन लावलं. पाच मिनिटं झाले नसतील. मावशीचं तोंड लालबुंद झालं, ओठ सुजले, ती छातीवर हात आपटाले लागली आणि तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला का मी आयुष्यात विसरणार नाही. गुड्डी ओरडली. नर्सनं धावत येऊन सलाईन बंद केलं, मास्क लावला, सुया टोचल्या. मावशीले ओकारी झाली ती माझ्या दोन्ही हातावर. तिची मले जराही किळस नाही वाटली. किळस वाटाची होती ते दुपारी झालं.

दुपारी तिचा श्वास जाग्यावर आला तेव्हा डॉक्टरबाई खाटेपाशी आल्या. तरुण होत्या, डोळे जागून सुजलेले, पण एक स्टूल ओढून बसल्या आणि नीट समजावून सांगतलं.

“काकू, औषध चुकीचं नाही. पण ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या एका द्रवात मिसळून देतात. तो द्रव तुमच्या शरीराला चालला नाही. तेच औषध दुसऱ्या रूपात मिळतं. आपल्या रक्तात एक प्रोटीन असतं, त्याला औषध बांधतात आणि त्याचे अगदी सूक्ष्म कण करतात. मग त्या द्रवाची गरजच पडत नाही. योजनेत बसवून देते मी. त्याला नॅनो म्हणतात.”

मावशी तोपर्यंत डोळे मिटून मान हलवून राहिली होती. तिनं डोळे उघडले.

“काय म्हनतात?”

“नॅनो, काकू.”

मावशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मंग डॉक्टरबाईले म्हणाली, “नाई पाहिजे, बाई. मले पोत्यातलंच द्या.”

“पोत्यातलं?” डॉक्टरबाईले काहीच उमजलं नाही. त्याईनं गुड्डीकडं पाहिलं. गुड्डी डोळे पुसत म्हणाली, “गुंगीत बोलून राहिली असन, मॅडम.”

त्या अख्ख्या वॉर्डात मावशी काय म्हणते ते एका माणसाले समजलं होतं, आणि तो माणूस मी होतो. तिले वाटलं, दवाखान्यातही लिंकिंग. खरं औषध मागं ठेवलं आणि न खपणारी बाटली तिच्या गळ्यात मारून राहिले. आता तोंड उघडायचं होतं. दोन वाक्य बोलायचे होते, का मावशी, ते नॅनो वेगळं आणि हे वेगळं, आणि ते मी तुले खोटं बोलून देल्लं होतं. पण मी काय बोललो? मी बोललो, “थकली आहे ती, मॅडम.” थू माझ्या तोंडावर.

डॉक्टरबाई उठल्या. “जुनं औषध मी आता देणार नाही. पुन्हा दिलं तर जिवावर बेतेल. आणि काहीच न घेता बसणं पण चालणार नाही, आजार वाट पाहत नाही. समजवा त्यांना. सोमवारी घेऊन या.”

परतीच्या एस.टी.त मावशी खिडकीपाशी बसली होती, डोक्याले पदर घट्ट बांधून. मागं कोणाचं तरी लेकरू ओकलं होतं, गाडीभर आंबट वास.  पवनीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, “तिथंबी चालू झालं ना.” गुड्डीनं विचारलं, काय चालू झालं? मावशी म्हणाली, “काई नाई.”

दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं. मावशीच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बाया जमल्या. उषाबाई शेजारीण, तिच्या घरीही माझ्याच हातच्या चार बाटल्या पडलेल्या. ती म्हणाली, “अवो, कॅन्सरच्या दवाखान्यातबी नॅनो देऊन राहिले? मानसाईले बी?” दुसरी म्हणाली, असली दवा मोठ्या लोकाईसाठी ठेवत असतील. तिसरी म्हणाली, एवढ्याशानं काय होते, आपल्या धानाले नाही झालं. दुधानं तोंड पोळलं का माणूस ताकही फुंकून पिते, त्याईचं काय चुकलं? मी दारात उभा होतो. माझ्याकडं पाहून त्या चूप झाल्या. तेवढ्यात एकीनं मले बसाले खुर्ची देल्ली आणि चहा ठेवला. 

मावशीनं आपला निकाल देऊन टाकला होता. देतील तर पहिलंच औषध घेईन, नाही तर घरीच बरी. पहिल्यानं ती मरता मरता वाचली होती, तरी तिले ते बरं वाटे. ते औषध खरं तरी होतं, म्हणे. अंगावर आलं म्हणजे त्याच्यात दम होता.

गुड्डीनं मले अंगणात ओढलं. “दादा, तूच सांग तिले. माझं ऐकत नाही. तुझं ऐकते ती.”

मी म्हटलं, “पाहतो.”

“पाहतो काय? सोमवार चार दिवसांवर आला. ते नाही लागलं तर माय जाईन.”

तिच्या तोंडून ‘जाईन’ ऐकलं. तरी त्या दिवशी मी मावशीपुढं गेलो नाही. दुकानात गेलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी, सोमवारची सुट्टी पाहिजे होती म्हणून, शेठले सारं सांगावं लागलं. मी सांगून राहिलो, नॅनोचं औषध आहे, मावशी घ्याले तयार नाही. शेठचे डोळे चमकले. त्यानं खर्रा गालाच्या एका बाजूले सारला.

“कॅन्सरले नॅनो?” तो म्हणाला. “अबे, हे तर लोकाईले सांगाले पाहिजे. तू इतके दिवस झोपला होता का?”

“शेठ, ते वेगळं आहे.”

“नाव एकच आहे ना?”

तेवढ्यात इटान गावचा धर्मेंद्र पोतं घ्याले आला. नेहमीसारखं बाटलीवरून घुटमळाले लागला. शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “अगा, नागपूरचे मोठे डॉक्टर कॅन्सरवर नॅनो देतात. ह्या आपल्या भूपेंद्रच्या सख्ख्या मावशीले देऊन राहिले. माणसाच्या कॅन्सरले चालते ते तुह्या धानाले नाही चालणार? विचार याले.”

धर्मेंद्रनं माझ्याकडं पाहिलं. शेठच्या ओठाच्या कोपऱ्यातून तपकिरी थेंब ओघळून हनुवटीपर्यंत आला होता आणि त्याचं त्याले भान नोतं. माझ्या मावशीची कापलेली छाती, तिचे सुजलेले ओठ, तिचं टक्कल, सारं त्यानं एका बाटलीच्या टोपणात भरलं होतं. मी नाही म्हणालो का? नाही म्हणालो नाही. हाव पण म्हणालो नाही. मी बिल फाडलं. धर्मेंद्र पोतं आणि बाटली घेऊन गेला. मी मागं गोडाऊनमध्ये गेलो, कीटकनाशकाच्या डब्याईच्या वासात उभा राहिलो आणि नालीवर वाकून ओकलो. 

इथं मी नोकरीले लाथ मारली असं सांगतलं तर तुम्हाले बरं वाटन. नाही मारली. घरी दोन लेकरं आहेत. हात धुतले, गाडी काढली आणि मावशीच्या गावाले गेलो, एवढंच केलं.

मावशी सपरीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. हातात ताकद नोती, एक-एक खडा वेचून राहिली होती. गुड्डी शाळेत होती. मी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसलो. म्हटलं, “मावशी, एक सांगाचं आहे. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं ना, आमच्या घरी हेच मारलं म्हणून. ते खोटं होतं. आमच्या घरी पोते आणले होते मी. मागच्या दारानं.”

तिचे बोटं सुपात चालतच राहिले. “मले ठाऊक आहे.”

“कसं?”

“तुह्या बापाच्या शेताच्या धुऱ्यावर रिकामे पोते वाळू घातले होते. मी त्याच वाटेनं जात होती. तोपर्यंत मी बाटली मारून बसली होती.”

मी विचारलं, “मंग दुसऱ्या साली काहून घेतली बाटली? काही विचारलं पण नाही.”

“पोतं पाहिजे होतं,” मावशी म्हणाली. “आन तुले इचारून अजून एक खोटं बोलाले लावू का?”

मले रडू आलं. लाज वाटते सांगाले, पण ढसढसा आलं. तिनं रडू दिलं, समजूत घातली नाही. मी नाक पुसलं तेव्हा म्हणाली, “आता काय सांगाले आला ते सांग.”

मी सांगतलं. जसं डॉक्टरबाईनं सांगतलं होतं तसंच, भर न घालता. औषध तेच आहे. जुन्यात ते एरंडेलाचं मिसळलेलं असते, ते तुले चालत नाही. नव्यात ते नसते, रक्तातल्याच प्रोटीनले बांधून बारीक कण केलेले असतात. नाव नॅनो आहे, पण आपल्या बाटलीशी त्याचा संबंध नाही.

ती ऐकून घेत होती. मंग तिनं विचारलं, “ह्या डॉक्टरबाईले बी वरून बाटल्या येत असतीन ना? संपवा म्हनून?”

‘छे, मावशी, काहीतरीच काय’ हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. बारा वर्षांची सवय. मी ते गिळलं आणि म्हटलं, “मले नाही माहीत.”

मावशीनं पहिल्यांदा सूप बाजूले ठेवलं. “बरं,” ती म्हणाली. “सोमवारी येतो म्हन त्याईले. पन इचारीन मी. तू मधात तोंड नको घालू.”

सोमवारी आम्ही तिघं नागपूरले पोचलो. डॉक्टरबाईले मी आधी काही सांगतलं नाही, तोंड घालायचं नाही म्हटलं होतं ना. मावशी खुर्चीवर ताठ बसली, जशी बाजारात धानाचा नमुना दाखवाले बसते तशी, आणि पहिला प्रश्न टाकला.

“बाई, हे नॅनो घेतलं तर त्याच्यासंगं दुसरं काई घ्यावंच लागते का?”

डॉक्टरबाई जराशा गोंधळल्या. “नाही काकू. उलट जुन्या औषधाआधी त्या ॲलर्जीच्या सुया द्याव्या लागायच्या ना, त्या पण याला बहुतेक लागत नाहीत.”

मावशीनं मान हलवली. “हे घेतलं का मी बरी होईन?”

 आमच्या दुकानात या प्रश्नाचं एकच उत्तर असते. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तशी गॅरंटी मी देणार नाही. उपयोग चांगला होतो, म्हणून देते आहे. पण पांढऱ्या पेशी कमी होतील, हातापायाला मुंग्या येतील, थकवा येईल. रिॲक्शनची भीती खूप कमी आहे, पण अजिबात नाही असं नाही. म्हणून मी स्वतः इथे उभी राहीन.”

“गॅरंटी नाई म्हनते,” मावशी आपल्याशीच म्हणाली. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. मंग तिनं तिसरा प्रश्न विचारला, आणि तो विचारतानी तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

“तुमच्या घरी हे कोनाले देल्लं का?”

“नाही हो काकू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “माझ्या घरी कोणाला हा आजार नाही झाला.”

“मंग लावा,” मावशी म्हणाली.

गुड्डी माझ्याकडं पाहाले लागली, का हे काय झालं. डॉक्टरबाईलेही समजलं नाही. त्याईले कोण सांगन का एवढ्या मोठ्या शिक्षणानं, एवढ्या बारीक कणानं जे नाही झालं, ते त्याईच्या एका ‘नाही’नं झालं. घरचं नाव न काढणारं माणूस मावशीले बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

औषध आलं. छोट्या बाटलीत पांढरी भुकटी होती, नर्सनं तिच्यात पाणी हळूहळू सोडलं आणि ते दुधासारखं झालं. मावशीनं मागून घेऊन बाटली पाहिली, उजेडाकडं धरून पाहिली, परत देल्ली. सलाईन सुरू झालं. डॉक्टरबाई खरंच उभ्या राहिल्या. पाच मिनिटं गेले. मी मावशीच्या ओठाकडं पाहून राहिलो होतो, लाल होतात का, सुजतात का. दहा मिनिटं गेले. ओठ तसेच होते, कोरडे, फाटलेले. डॉक्टरबाई दुसऱ्या खाटेकडं गेल्या. अर्ध्या तासात ते संपलंही. मावशीनं नर्सले विचारलं, “झालं का?” नर्स म्हणाली, झालं. “एवढंच होतं?” मावशी म्हणाली आणि उशीवर डोकं टेकलं.

 गुड्डी फाईल घेऊन खाली कागद कराले गेली. मी स्टूल पुढं ओढलं, मावशीचा हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला. थोड्या वेळानं तिनंच तो हळूच सोडवून घेतला.

“बाबू,” ती म्हणाली, “पुढच्या खेपेले तू नको येऊ.”

“काहून, मावशी? काही त्रास झाला का?”

“दवा चांगली आहे. मी घेईन सारी. पन तू खाटेपाशी बसला का मले वाटते, कोनी तरी काई गळ्यात मारून राहिलं. आज बी वाटत होतं, सारा अर्धा घंटा.” तिच्या आवाजात राग नोता, थकवा होता. “मले जगाचं आहे रे. दवेवर भरोसा ठेवू का तुह्यावर नजर ठेवू?”

मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिनं डोळे मिटले.

गुड्डी वर आली ती हसत आली, बऱ्याच महिन्यांनी. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. माझ्या हातात कागद देऊन म्हणाली, “दादा, तू समजावलं म्हणून झालं सारं. मी तर हात टेकले होते. या तारखेलेही येजो, तू असला का मायले धीर राहते.”

मी कागदावरची तारीख पाहिली. खरं सांगाले दोन वाक्य पुरे होते.

“नाही जमणार गुड्डी,” मी म्हटलं. “दुकानात सीझन आहे. शेठ सुट्टी नाही देत.”

“हाव ना, तू तरी किती करशीन,” गुड्डी म्हणाली. तिले लगेच खरं वाटलं.

मावशीचे डोळे मिटलेलेच होते. पण ती झोपली नोती.